स्वप्नांत भेटलेलीं अनोळखी माणसें

गेल्या महिन्यांत एका वाचक-भगिनींचें पत्र आमच्याकडे आलें. घर मोठें, सासू-सासरे, दोन दीर, एक जाऊ, मुलेंबाळें धरून अकरा माणसें एका छपराखालीं राहतात. सकाळचा चहा होतो न होतो तोंच सासूबाई रात्रींचें स्वप्न सांगावयास बसतात, आणि तें अशा बारकाव्यानें सांगतात कीं, त्यांत येऊन गेलेल्या परक्या माणसाच्या कानांतली भिकबाळी देखील ऐकणारास दिसावी. पत्रलेखिकेचे यजमान वर्तमानपत्रांतून डोकें वर न काढतां म्हणतात, "मला तर बुवा स्वप्नेंच पडत नाहींत." स्वतः या बाईंची स्थिति मधलीच. स्वप्न पडलें होतें, त्यांत कोणी अनोळखी माणूस होता, तो आपल्याशीं कांहींतरी महत्त्वाचें बोलला, एवढें त्यांस पक्कें आठवतें. पण अंथरुणावरून उठून स्वयंपाकघरांत जाईपर्यंत त्याचें तोंड पार पुसून गेलेलें असतें. "आम्हां तिघांत खरें कोणाचें?" असा त्यांचा प्रश्न आहे.

पत्र येथेंच संपतें तर आम्हीं दोन ओळींचें उत्तर धाडून दिलें असतें. परंतु खालीं, सही करून झाल्यावर, त्यांनीं आणखी थोडें लिहिलें आहे. त्यांचे वडील जाऊन दोन वर्षें झालीं. ते अधूनमधून स्वप्नांत येतात असें त्यांना वाटतें. पण सकाळीं त्यांचें तोंड डोळ्यांपुढें आणूं गेलें, तर भिंतीवरच्या फोटोंतलें तोंड येतें, स्वप्नांतलें नव्हे. "मग ते खरोखर आले होते, असें मी म्हणूं कीं नको?"

प्रश्न घरगुती दिसतो, पण त्यांत दोन निरनिराळ्या गोष्टी एकमेकींत गुंतल्या आहेत. स्वप्न आठवणें ही एक. आणि स्वप्नांतलें तोंड आठवणें ही दुसरी. पहिलीचा उलगडा आतां बराच झाला आहे. दुसरीचा निम्माच झाला आहे, आणि त्या निम्म्यांतच सर्व गंमत व सर्व धोका आहे.

प्रथम यजमानांकडे वळूं. आपणांस स्वप्नें पडतच नाहींत असें म्हणणारीं माणसें प्रत्येक घरांत निघतात, आणि बहुधा तीं हें थोड्या अभिमानानें सांगतात. १९५३ सालीं शिकागो विद्यापीठांत यूजीन अ‍ॅसेरिन्स्की व नॅथॅनिएल क्लाइटमन यांनीं झोंपलेल्या माणसांच्या डोळ्यांची हालचाल रात्रभर टिपली. निजलेल्या माणसाचीं बुबुळें रात्रींतून कित्येक वेळां मिटल्या पापण्यांखालीं भराभर हलूं लागतात, आणि थोड्या वेळानें पुन्हां स्थिर होतात, असें त्यांना आढळलें. पुढें १९५७ सालीं विल्यम डिमेंट व क्लाइटमन यांनीं याच गोष्टीची मोजदाद केली. डोळे हलत असतांना त्यांनीं माणसांना १९१ वेळां जागें केलें. त्यांपैकीं १५२ वेळां त्यांना स्वप्न सांगतां आलें. डोळे स्थिर असतांना १६० वेळां जागें केलें. तेव्हां फक्त ११ वेळां. नंतरच्या संशोधकांनीं स्थिर झोंपेंतहि मन अगदींच स्वस्थ नसतें असें दाखविलें आहे, पण त्या वेळचीं स्वप्नें सामान्यतः फिकीं आणि त्रोटक असतात. आम्हांस स्वप्नें पडत नाहींत असें म्हणणारांनाहि योग्य घटकेस हलवून उठविलें, तर त्यांतील बहुतेकजण स्वप्न सांगूं लागतात. तेव्हां यजमानांस स्वप्नें पडतात. तीं त्यांच्या हातीं लागत नाहींत, एवढेंच.

मग सासूबाईंच्या हातीं कशीं लागतात? येथें आमच्या वाचकांपैकीं कित्येकांची निराशा होईल, कारण उत्तर फार साधें आहे. फ्रान्समधील लियों शहरीं २०१३ च्या सुमारास संशोधकांनीं दोन प्रकारचीं माणसें निवडलीं. कांहींना आठवड्यांतून बऱ्याच वेळां स्वप्न आठवे, कांहींना महिन्यांतून एखाद-दुसऱ्या वेळीं. दोघांच्या झोंपेंत मुख्य फरक असा दिसला कीं, आठवणारीं माणसें रात्रींतून एकूण जवळजवळ दुप्पट वेळ जागीं असत. हा जागेपणा सलग नव्हे. मिनिट-दोन मिनिटांचे तुकडे, आणि त्यांतील पुष्कळ तुकडे सकाळीं लक्षांतहि राहत नाहींत. झोंपेच्या आंत मनाला नवें टिपून ठेवणें साधत नाहीं. जाग आली म्हणजे तेवढ्यापुरती दौतींत टांक बुडतो. वृद्धांची झोंप तुटक असते. तान्हें मूल कुशींत घेऊन निजणारी आई रात्रींतून चार वेळां उठते. त्यांना एखादें स्वप्न आठवलें कीं घरांतील लोक म्हणतात, आजींना दृष्टान्त होतात, बाळंतिणीला भलतें दिसतें! खरी गोष्ट एवढीच कीं, त्यांना कोणी सलग झोंपूं देत नाहीं. यजमानांची झोंप गाढ आहे. पत्रलेखिकेनें याबद्दल त्यांचा हेवा करण्यास हरकत नाहीं.

पहाटेचें स्वप्न खरें ठरतें, ही समजूत आमच्याकडे घरोघर आहे. तीहि येथेंच उकलते. डोळे हलण्याची ती झोंप सुमारें नव्वद मिनिटांच्या अंतरानें येते, आणि रात्र सरत जाते तसतशी ती अधिकाधिक लांबते. पहाटेचें स्वप्न सर्वांत लांब, सर्वांत भरगच्च, आणि त्याच्या शेवटाशीं जाग येते म्हणून सर्वांत आठवणारें. जें स्वप्न आठवतें त्याचाच पडताळा पाहतां येतो. मध्यरात्रींचीं खोटीं ठरलेलीं स्वप्नें साक्षीला कोण आणणार?

विसर किती झपाट्यानें पडतो, हें मात्र ज्यानें कागद-पेन्सिल घेऊन बसून पाहिलें आहे त्यालाच कळतें. अमेरिकेंतील वेल्सली कॉलेजांत मेरी कॅल्किन्स नांवाच्या विदुषी होत्या. त्यांनीं १८९३ सालीं स्वप्नांची गणती प्रसिद्ध केली. गजराचें घड्याळ लावून रात्रींच्या निरनिराळ्या प्रहरीं उठावयाचें, आणि उठतांक्षणींच जें आठवेल तें उतरवून काढावयाचें, असा त्यांचा परिपाठ होता. ५५ रात्रींत त्यांनीं स्वतःचीं २०५ स्वप्नें नोंदविलीं, म्हणजे रात्रीं जवळजवळ चार. एरव्हीं यांतलें एखादें तरी त्यांना न्याहारीपर्यंत पुरलें असतें कीं नाहीं, शंकाच आहे. आतां शरीरशास्त्रज्ञ सांगतात कीं, त्या झोंपेंत मेंदूंतील नॉरअ‍ॅड्रेनॅलीन नांवाचें रसायन अगदीं तळाला गेलेलें असतें, आणि आठवण पक्की करण्याच्या कामीं तें लागतें. २०१९ सालीं जपानी संशोधकांनीं उंदरांवर प्रयोग करून असेंहि दाखविलें कीं, मेंदूच्या तळाशीं असलेल्या कांहीं पेशी याच झोंपेंत जागृत होतात आणि आठवणी पुसण्यास मदत करतात. उंदराचें स्वप्न आम्हांला कोणी सांगितलेलें नाहीं. पण विसरणें हा निष्काळजीपणा नसून झोंपेच्या कारभारांतलाच एक भाग असावा, असा तर्क यावरून करण्यास जागा आहे.

आतां दुसरा प्रश्न, तोंडाचा.

वाचकांनीं आपल्याच अनुभवाकडे पाहावें. स्वप्न सांगतांना आपण किती वेळां म्हणतों, "ते आमचे मामाच होते, पण तोंड कांहीं मामांचें नव्हतें." किंवा, "घर आपलेंच होतें, पण असें नव्हतें." ऐकणाराहि हें वाक्य मुकाट्यानें मान्य करतो. जागेपणीं कोणी असें बोलेल तर आपण वैद्याला बोलावूं! स्वप्नांत माणसाची ओळख प्रथम येते, आणि तोंड मागून येतें, किंवा येतच नाहीं. २००० सालीं अमेरिकेंतील कांहीं संशोधकांनीं ३२० स्वप्नवृत्तान्त जमवून, त्यांतील माणसें सांगणारानें कशावरून ओळखलीं, हें विचारलें. सुमारें निम्मीं माणसें ओळखीचीं निघालीं. तिसऱ्या हिश्शाच्या आसपास नुसत्या कामावरून किंवा नात्यावरून कळणारीं, म्हणजे कोणी शिपाई, कोणी डॉक्टर. आणि सहाव्या हिश्शाच्या आसपास पूर्ण परकीं. जीं ओळखीचीं, त्यांतील पुष्कळांच्या बाबतींत उत्तर आलें कीं, तोंडावरून ओळखलें. परंतु जवळजवळ तितक्याच वेळां उत्तर आलें तें असें कीं, कशावरून तें सांगतां येत नाहीं, पण तेच होते हें ठाऊक होतें.

याचा अर्थ स्वप्नांत तोंडें दिसतच नाहींत असा नव्हे. २०१७ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत, निजलेल्या माणसांच्या डोक्याला बारीक तारांचें जाळें लावून मेंदूची विद्युत्-हालचाल टिपली होती. ज्यांनीं जागें होतांच स्वप्नांत चेहरा पाहिल्याचें सांगितलें, त्यांच्या मेंदूचा, जागेपणीं चेहरे पाहतांना चेततो तोच भाग झोंपेंतहि चेतला होता. त्याच अभ्यासांत कांहींजण उठून म्हणत, "कांहींतरी पाहत होतों खास, पण काय तें गेलें." आमच्या पत्रलेखिकेनें हें वाक्य आपलेंच म्हणून ओळखावें.

आजकाल एक विधान फार कानीं येतें. मेंदूला नवा चेहरा घडवितां येत नाहीं. स्वप्नांतला प्रत्येक परका मनुष्य तुम्हीं पूर्वीं कोठें तरी, बाजारांत, आगगाडींत, देवळाच्या रांगेंत पाहिलेलाच असतो, असें तें विधान आहे. शिकलेसवरलेले लोकहि हें शास्त्र म्हणून सांगतात. याला कोणत्याहि प्रयोगाचा आधार नाहीं, आणि प्रयोग करावा तरी कसा? जन्मापासून दृष्टीस पडलेल्या प्रत्येक तोंडाची यादी कोणाजवळ आहे? शिवाय कोणीहि बरा चित्रकार जागेपणीं न पाहिलेलें तोंड काढूं शकतो. त्याच्या मेंदूला झोंपेंतच काय होतें?

मौज अशी कीं, हा वाद आमच्याकडे जुनाच आहे. प्रश्नोपनिषदांतील चौथा प्रश्न झोंपेविषयींचा. सौर्यायणी गार्ग्य पिप्पलाद ऋषींना विचारतो कीं, या पुरुषाच्या ठायीं झोंपतात कोण, जागे राहतात कोण, आणि स्वप्नें पाहणारा देव तो कोणता? पिप्पलादांच्या उत्तरांत एक स्पष्ट विधान आहे: मन पाहिलेलें पुन्हां पाहतें, ऐकलेलें पुन्हां ऐकतें, आणि न पाहिलेलेंहि पाहतें. या शेवटच्या शब्दापाशीं भाष्यकार शंकराचार्य थांबले. न पाहिलेलें दिसेल कसें? त्यांनीं अर्थ केला, या जन्मीं न पाहिलेलें, म्हणजे दुसऱ्या जन्मीं पाहिलेलें. आगगाडीचा दाखला देणारे आधुनिक आणि जन्मान्तराचा आधार घेणारे आचार्य यांचें एका मुद्द्यावर एकमत आहे: पाहिल्यावांचून दिसत नाहीं. मूळ उपनिषद् मात्र त्या दोघांपेक्षां मोकळें आहे, असें आम्हांस नम्रपणें वाटतें.

तरी पण, परका वाटलेला मनुष्य खरोखर पाहिलेला निघाला, असें कधीं घडलें आहे काय? घडलें आहे, आणि त्याची नोंद फार सुंदर आहे. गेल्या शतकाच्या आधीच्या शतकांत फ्रान्समध्यें हर्वे द सां-दनी नांवाचे चिनी भाषेचे पंडित होते. त्यांनीं कोवळ्या वयापासून आपल्या स्वप्नांच्या वह्या ठेविल्या, आणि १८६७ सालीं त्यांवर एक ग्रंथ लिहिला. त्यांना एकदां स्वप्न पडलें कीं, सोनेरी केसांची एक तरुणी त्यांच्या बहिणीशीं बोलत बसली असून तिला भरतकाम दाखवीत आहे. स्वप्नांत ती त्यांना चांगली ओळखीची वाटली. जाग आली. तोंड डोळ्यांपुढें स्वच्छ होतें, पण ही कोण, हें कांहीं केल्या आठवेना. जागेपणीं ती पूर्ण परकी. ते पुन्हां झोंपले, तोंच तें दृश्य पुन्हां सुरू झालें. या वेळीं त्यांनीं त्या बाईंनाच विचारलें, आपली पूर्वीं भेट झाली आहे काय? ती म्हणाली, अर्थात् झाली आहे. पोर्निकचें समुद्रस्नान विसरलांत वाटतें? ते दचकून जागे झाले, आणि पोर्निकच्या किनाऱ्यावरची ती ओळख सर्व तपशिलासह त्यांना आठवली. फ्रॉइड यांनीं आपल्या १९०० सालच्या स्वप्नविषयक ग्रंथांत ही हकीकत आवर्जून घेतली आहे. तोंड मनांत शाबूत होतें. त्याच्यावरचा पत्ता तेवढा निघून गेला होता. एका उदाहरणावरून सर्व परक्या तोंडांचा निकाल लागत नाहीं. पण तोंड एकीकडे आणि पत्ता दुसरीकडे अशी ताटातूट होऊं शकते, हें त्यावरून दिसतें, आणि पुढें आम्ही सांगणार आहों त्या गोष्टीसाठीं तें ध्यानांत ठेवावयास हवें.

स्वप्नांतला परका चेहरा जागेपणीं धरून ठेवणारी सर्वांत प्रसिद्ध व्यक्ति म्हणजे बाणासुराची कन्या उषा. शोणितपुरांत ती निजली असतां पूर्वीं कधीं न पाहिलेला, न ऐकलेला पुरुष तिनें स्वप्नांत पाहिला, ही कथा भागवताच्या दशम स्कंधांत आहे आणि आपण सर्वांनीं ती लहानपणीं ऐकली आहे. जागी झाल्यावर सखी चित्रलेखा विचारते, तो कसा होता? उषेनें केलेलें वर्णन नीट पाहावें: सांवळा, कमळासारखे डोळे, पीतांबर नेसलेला, दीर्घबाहु. वाचकहो, हें वर्णन द्वारकेंतल्या निम्म्या यादवांस लागू पडेल! चित्रलेखा शहाणी होती, ती या वर्णनाच्या नादीं लागली नाहीं. तिनें कुंचला घेतला आणि देव, गंधर्व, नाग, दैत्य, मनुष्य अशीं चित्रें काढीत गेली. शूरसेन झाले, वसुदेव झाले, राम-कृष्ण झाले. प्रद्युम्नाचें चित्र निघतांच उषा लाजली, आणि अनिरुद्धाचें निघालें तेव्हां तिनें मान खालीं घातली. जें तिला सांगतां येत नव्हतें, तें ओळखतां आलें. (चित्रलेखेनें मग झोंपलेल्या अनिरुद्धाला पलंगासकट उचलून आणलें. तो त्या वेळीं काय स्वप्न पाहत होता, हें कोणींच विचारलें नाहीं.)

ओळखणें आणि आठवून सांगणें या दोन शक्ति वेगळ्या आहेत, हें पुराणकारानें किती सहज दाखविलें आहे! किंबहुना सांगावयास जाणें हें ओळखण्याला मारक ठरूं शकतें. १९९० सालीं अमेरिकेंत कांहीं माणसांना एका दरोड्याचें चित्रण दाखविलें. निम्म्यांस दरोडेखोराच्या तोंडाचें वर्णन लिहावयास लावलें, निम्म्यांस दुसरें काम दिलें. नंतर तोंडें पुढें मांडलीं तेव्हां वर्णन न लिहिणाऱ्यांपैकीं शेंकडा ६४ जणांनीं बरोबर माणूस ओळखला. वर्णन लिहिणाऱ्यांपैकीं शेंकडा ३८ जणांनींच. २०१४ सालीं अनेक प्रयोगशाळांनीं मिळून हाच प्रयोग पुन्हां केला. परिणाम पहिल्याइतका मोठा निघाला नाहीं, पण निघाला. शब्द आंत शिरले कीं तोंड थोडें मागें सरतें. सासूबाई रोज सकाळीं भिकबाळीसकट जो माणूस उभा करतात, तो स्वप्नांत किती होता आणि चहाबरोबर किती घडला, हें खुद्द त्यांनाहि सांगतां येणार नाहीं. त्या खोटें बोलत नाहींत. सांगतां सांगतां तें त्यांना दिसूं लागतें.

येथवर सर्व गमतीचें झालें. आतां जी गोष्ट सांगावयाची ती आमच्या एका आप्तांच्या घरांतली आहे. तेथील सूनबाईंनीं ती आम्हांस सासूबाईंच्या पश्चात् सांगितली, आणि नांवगांव न लिहिण्याच्या अटीवर लिहूं दिली.

त्यांच्या मुलीला एक स्थळ आलें होतें. मुलगा शिकलेला, घराणें माहितींतलें. दाखविण्याचा कार्यक्रम ठरला, त्याच्या आठ दिवस आधीं सासूबाईंना वाईट स्वप्न पडलें: कोणी परका पुरुष ओटीवर आला आणि त्यानें देवापुढचा दिवा विझविला. सकाळीं त्यांनीं तें सुनेला सांगितलें. सुनेनें विचारलें, "आई, कोण होता? कसा होता?" त्या म्हणाल्या, "तोंड कांहीं दिसलें नाहीं गं. पाठमोरा होता." पुढें मुलाकडचीं मंडळी आलीं. पोहे-चहा झाला. सासूबाई उठून आंत गेल्या आणि सुनेला म्हणाल्या, "हाच तो. हेंच तोंड." मुलगी धीट होती, रात्रीं तिनें विचारलें, "आजी, तुझ्या स्वप्नांतल्या माणसाला चष्मा होता कां?" आजी म्हणाल्या, "होता तर!"

सुनेला पाठमोरा शब्द पक्का आठवत होता. ती बोलली नाहीं. सासूबाईंना खोट्यांत कसें पाडावयाचें? आणि त्या खोटें बोलतहि नव्हत्या, त्यांचे हात कांपत होते. स्थळ नाकारलें. मुलाकडच्यांस पत्रिका जुळत नाहीं असें कळविलें. मुलीचें पुढें दुसरीकडे लग्न झालें, ती सुखांत आहे. त्या मुलाचेंहि झालें. कोणाचें वाईट झालें नाहीं. तरी सूनबाई आम्हांस म्हणाल्या, "मी त्या दिवशीं एक शब्द बोलावयास हवा होता. पत्रिका मीच लिहून परत पाठविली." दोन वर्षांनीं कांहीं बोलण्यांत त्या स्वप्नाचा विषय निघाला, तेव्हां सासूबाईंना तें मुळींच आठवत नव्हतें.

आम्ही सूनबाईंना दोष देत नाहीं. पण असें मौन दर वेळीं इतक्या स्वस्तांत सुटत नाहीं. १९८७ सालीं अमेरिकेंतील डेन्व्हर शहरीं एका स्त्रीवर रात्रीं, काळोखांत, तिच्या घरांत भयंकर अत्याचार झाला. प्रथम तिनें दुसऱ्या माणसांचीं नांवें घेतलीं. मग दिवसभराहून अधिक काळ लोटल्यावर तिनें सांगितलें कीं, अपराधी कोण हें आपणांस स्वप्नांत कळलें. तो आपल्या शेजारीं राहणारा क्लॅरेन्स मोझेस-एल. १९८८ सालीं त्याच्यावर गुन्हा शाबीत धरून न्यायालयानें ४८ वर्षांची शिक्षा दिली. तो निरपराध असल्याचें पहिल्यापासून सांगत होता. २०१५ च्या डिसेंबरांत ती शिक्षा रद्द होऊन तो बाहेर आला, आणि २०१६ च्या नोव्हेंबरांत नव्या चौकशींत निर्दोष सुटला. मध्यें अठ्ठावीस वर्षें गेलीं होतीं. त्या दुर्दैवी स्त्रीनें सूडानें नांव घेतलें, असें समजण्यास कारण नाहीं. अंधारांत तोंड दिसलें नव्हतें. स्वप्नानें रिकाम्या जागीं एक ओळखीचें तोंड बसविलें, आणि जागें झाल्यावर खात्री तेवढी शिल्लक राहिली. पोर्निकच्या बाईंचें तोंड पत्ता हरवून आलें होतें. येथें तोंड आलें तें भलत्याच पत्त्यावर.

म्हणून ज्या घरांत वडीलधाऱ्यांचीं स्वप्नें मानानें ऐकलीं जातात, तेथें आमची एक लहानशी विनंति आहे. स्वप्न ऐकावें, जरूर ऐकावें; पण कोणाचें स्थळ, कोणाची नोकरी, कोणा गड्यावरचा चोरीचा आळ यांचा निर्णय त्यावर होणार असेल, तर स्वप्न सांगितलें त्याच सकाळीं तें कोणीतरी एका कागदावर उतरवून ठेवावें, आणि मग तें पाहावें. आमच्या आप्तांच्या घरीं असा कागद असता, तर सुनेला तोंड उघडावें लागलें नसतें. कागदावर पाठमोरा एवढा शब्द पुरला असता.

राहतां राहिली पत्रलेखिकेच्या वडिलांची गोष्ट. ते खरोखर आले होते कीं काय, याचें उत्तर देण्याचा अधिकार आम्हांस नाहीं. त्याबद्दल ज्याची त्याची श्रद्धा. पण तोंड आठवत नाहीं म्हणून ते आलेच नाहींत, असें मात्र ठरत नाहीं. स्वप्नांत माणूस तोंडावांचून ओळखूं येतो, हें वर सांगितलेंच आहे. आणि सकाळीं फोटोंतलें तोंड पुढें येतें, याचें कारण फोटो रोज दिसतो. जें रोज पाहिलें जातें तें आधीं धांवून येतें. त्यांत लेकीची कांहीं चूक नाहीं. त्यांनीं एक करून पाहावें. उशाशीं कागद व पेन्सिल ठेवावी. जाग आली कीं कूस न बदलतां, कोणाशीं न बोलतां, थोडा वेळ तसेंच पडून राहावें, आणि वडिलांचें तोंड शोधूं नये. दुसरें काय होतें, तेवढेंच लिहावें. छत्री होती काय, खोकला होता काय, कोणत्या बाजूला बसले होते.

आम्हीं हें स्वतः गेल्या हिवाळ्यांत महिनाभर केलें. बहुतेक पानें कोरींच राहिलीं, आणि जीं भरलीं त्यांतील निम्मीं आम्हांलाच वाचतां येत नाहींत. एका पानावर, आमचे वडील बंधु वारल्यास सहा वर्षें झालीं त्यांच्याविषयीं, इतकेंच आहे: "दादा आले होते. तोंड दिसलें नाहीं. दारांत वाकून दोन्ही जोडे भिंतीशीं जुळवून ठेवले, आणि मग आंत आले."